बाळंतिणीचे लाडू आणि कन्हानच्या पुलावरचा शिक्का

हिमालयात जायला मिळावं म्हणून मी घरातल्या बाळंतिणीचे लाडू चोरून खाल्ले आहेत. एक-दोन नाही, महिनाभर, रोज एक. आता सांगायला लाज वाटत नाही, कारण त्याची शिक्षा मला भर उन्हात, चारचौघांसमोर मिळून गेली.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. मी नागपुरात कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होते. जानेवारीत खेळाच्या मॅडमनी नोटीस लावली. उन्हाळ्याच्या सुट्टीत हिमालयात पंधरा दिवसांची पायी सहल, आपल्या कॉलेजातून दोन मुली, सगळा खर्च कॉलेजचा. निवड चालण्याच्या परीक्षेवर. पाठीवर आठ किलो वजन घेऊन कॉलेजच्या फाटकापासून कामठी रोडनं कन्हानच्या पुलापर्यंत जायचं आणि तसंच परत यायचं. जाऊन-येऊन चाळीसेक किलोमीटर. पहाटे पाचला निघायचं, दुपारी दोनच्या आत फाटकात हजर. ज्या दोघी आधी पोचतील त्या जातील, बाकीच्या घरी.

ती नोटीस मी तीनदा वाचली. बर्फ मी तोवर गोळेवाल्याच्या गाडीवरच पाहिला होता, लाल-हिरव्या रंगाखाली. डोंगर म्हणाल तर आमची सीताबर्डीची टेकडी, तीही मिलिटरीच्या ताब्यात. आणि इथं कोणीतरी म्हणत होतं, चाळीस किलोमीटर चाल, आम्ही तुला खराखुरा हिमालय दाखवतो. मला जायचंच होतं. माझा स्वभाव असा, की एकदा डोक्यात घेतलं की मग घरच्यांचं काही खरं नाही.

नावं द्यायला चौदा मुली आल्या. नियम नीट वाचल्यावर सहा उरल्या. त्यात धरमपेठेतल्या एका डॉक्टरांची मुलगी होती. ती सरावाला आली की पिशवीतून एक डबा काढायची, त्यातली तपकिरी पावडर दुधाच्या बाटलीत घालून खळखळ हलवायची आणि आमच्यादेखत प्यायची. चॉकलेटसारखा वास यायचा. तिचे वडील म्हणे खास मागवून घ्यायचे, खेळाडूंसाठी. पोरगी स्वभावानं चांगली होती, विचारायचीही, "घेतेस का गं?" पण मी कशाला घेते? मी नाक वर करून म्हणायचे, "आमच्याकडे आहे आमचं."

आमच्याकडे काय होतं, कपाळ. बाबा गिरणीत बॉयलरवर होते. दादाची फिरतीची नोकरी, तो महिन्यातून दोनदा उगवायचा. पण डोक्यात घेतलंच होतं, तर मी माझी ताकदीची सामग्री जमवायला लागले. औषधाच्या दुकानातून ग्लुकोजचं पाकीट आणलं. ते पाण्यात घालून प्यायचं असतं, पण मी तळहातावर घेऊन चाटायचे, जिभेवर गार गार लागायचं. दुसरं म्हणजे बाबांच्या पेटीतल्या मिठाच्या गोळ्या. उन्हाळ्यात बॉयलरवरच्या माणसांना गिरणी त्या गोळ्या वाटायची, घाम गाळून माणूस पडू नये म्हणून. मागल्या उन्हाळ्यातल्या पंधरा-वीस उरल्या होत्या. बाबा दिवसभर त्या आगीसमोर उभे राहतात ते या गोळ्यांच्या जोरावर, असं माझं पक्कं मत.

आणि तिसरं म्हणजे लाडू.

वहिनी तेव्हा नुकतीच बाळंत झाली होती. पहिलं बाळंतपण माहेरी करतात, पण तिला आई नव्हती, म्हणून आमच्या आईनंच सगळं अंगावर घेतलं. भलामोठा डबा भरून लाडू केले. बाभळीचा डिंक, खारीक, खोबरं, मेथी, गूळ आणि तूप. सकाळी एक, संध्याकाळी एक, असा वहिनीचा रतीब. आई वळता वळता म्हणाली होती, "हे खाल्ले का बाईची कंबर लोखंडाची होते." मी शेजारीच बसले होते. वजन पाठीवर घ्यायचं, म्हणजे जोर कंबरेवर येणार. मग कंबर कोणाची लोखंडाची व्हायला पाहिजे? मला त्यात काही चूक दिसेना.

दुपारी वहिनी आणि बाळ झोपले की मी चवड्यांवर खोलीत जायचे, डब्याचं झाकण दोन्ही हातांनी दाबून उचलायचे आणि एक लाडू घेऊन पसार. चार-पाच दिवस बिनबोभाट चाललं. मग एकदा माझा हात डब्यात असताना भिंतीकडे तोंड करून झोपलेली वहिनी बोलली, "वरचे बारीक हायेत वं बाई. खालचा घे, मोठा."

मला ब्रह्मांड आठवलं. पण ती वळलीसुद्धा नाही. म्हणाली, "मले दोन जात नाहीत. घे तू. आईले सांगू नको."

मला ते पटलं, कारण मला ते पटवून घ्यायचं होतं. महिन्याभरानं आईनं डब्यात डोकावून पाहिलं आणि ओरडली, "अवं, बाळंतीण हाय का पहिलवान?" वहिनी बाळाला मांडीवर घेऊन शांत बसली होती. "भूक लागून राहिली जी आई," म्हणाली. आई खूश झाली, सून खाते म्हणून. मी दारामागे उभी राहून हसत होते. हसण्यासारखं त्यात काय होतं, ते मला तेव्हा कळलं नाही.

सराव जोरात सुरू होता. गांधीबागेच्या कापडबाजारातून आणलेल्या जाड कापडाची पाठपिशवी आईनं शिवून दिली आणि वजन म्हणून तिच्यात आठ किलो ज्वारी भरली. "एक दाणा कमी आला तर पाहा," असा दमही भरला. ती पिशवी घेऊन मी रोज वस्तीतून निघाले की ओट्यावरून कोणीतरी विचारणारच, "काहून वं, दळण घेऊन चालली का?" तासाभरानं परत आले की तीच बाई, "चक्की बंद होती का?" मी रागानं लाल व्हायचे आणि पाय आणखी जोरात टाकायचे. त्या बाईनं माझी जेवढी चाल सुधारली तेवढी मॅडमनीही नाही.

वहिनी मात्र थट्टा करायची नाही. ती माझ्या पायाकडे बघायची. एकदा म्हणाली, "टाच आपटून राहिली तू. आवाज नाही आला पाहिजे." मी विचारलं, तुला काय माहीत? तेव्हा तिनं सांगितलं, की लग्नाआधी ती कळमेश्वरच्या बाजाराला डोक्यावर संत्र्यांची टोपली घेऊन पायी जायची, गावाहून. "किती लांब?" मी विचारलं. "कोणी मोजलं?" ती म्हणाली. "उजाडता निघाचं, ऊन चढाच्या आत पोचाचं. संत्री विकली का तसंच परत."

परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी तिनं माझ्या हातात एक पुरचुंडी ठेवली. सातूचं पीठ होतं, गूळ आणि किंचित मीठ घालून कालवलेलं. "पाण्यात घोळजो. एकदम ढोसू नको. रस्त्यावर मैलाचा दगड येतो ना, त्या दगडाले चार घोट. पुढच्या दगडाले चार घोट. अन् सकाळी निघताना लाडू खाऊ नको, जड पडते."

मी पुरचुंडी घेतली, पण मनात म्हटलं, हिमालयाला जाताना सातू? ते तर शेतावर जाणाऱ्यांचं खाणं. डॉक्टरांची मुलगी डबा काढणार आणि मी पीठ काढू? पिशवीच्या तळाशी, ज्वारीच्या खाली दाबून टाकली.

पहाटे चारला उठून मी चार लाडू खाल्ले. एकानं जर कंबर लोखंडाची होते तर चारांनी काय होईल, असा तो हिशोब. वर मूठभर ग्लुकोज.

सहाही जणी पाचला निघालो. काय सांगू, काय वाटत होतं. गार हवा, मोकळा रस्ता, आमच्या बुटांचा आवाज आणि पाठीवरची ज्वारी जणू नव्हतीच. इंदोऱ्यापर्यंत मी सगळ्यांच्या पुढे होते. मागे वळून डॉक्टरांच्या मुलीला हात केला, तीही हसली. मला मोठ्यानं गावंसं वाटत होतं आणि मी गायलेही, दमसासाचा विचार न करता.

कामठीच्या अलीकडे सूर्य वर आला आणि पोटात पहिली कळ आली. चारही लाडू एका जागी बसून होते, हलायचं नाव नाही. घाम फुटला. घामावर उपाय माझ्या खिशातच होता. मी मिठाच्या दोन गोळ्या तोंडात टाकल्या, कोरड्याच. थोड्या वेळानं आणखी दोन. पाणी मी मुद्दाम कमी आणलं होतं. आठ किलोत पाणी धरणार नव्हते, मग फुकटचं वजन कशाला वाहा? बॉयलरवरची माणसं गोळीमागे लोटाभर पाणी पितात, हे बाबांनी मला कधी सांगितलं नव्हतं. ते सांगायला लागतं असं त्यांना वाटलं नसेल, आणि गोळ्या मी विचारून थोड्याच घेतल्या होत्या.

कामठी ते कन्हान मी कशी गेले ते नीट आठवत नाही. एकेक करून चौघी पुढे निघून गेल्या, पाचवी केव्हाच मागे पडली होती. कोळशाचे ट्रक धूर सोडत जवळून जायचे आणि मी नाक दाबून उभी राहायचे. पुलाच्या तोंडाशी आमचे कॉलेजचे शिपाईकाका सायकल टेकवून बसले होते. पुलापर्यंत जी आली तिच्या उजव्या तळहातावर ते कॉलेजचा जांभळा शिक्का मारत. परत फाटकात तो दाखवायचा. शिक्का नाही तर परीक्षा नाही, असा मॅडमचा कडक नियम.

मी हात पुढे केला. काकांनी शिक्का मारला. आणि त्याच क्षणी मी कठड्याकडे वळले आणि सकाळपासूनचं सगळं बाहेर आलं.

काका घाबरले. पाठीवरून हात फिरवत म्हणाले, "काय खाल्लं होतं वं पोरी?"

"लाडू."

"कायचे?"

"बाळंतिणीचे," मी म्हणाले आणि रडायला लागले.

काका एवढे हसले की त्यांना सायकलचा आधार घ्यावा लागला. मग माझा चेहरा पाहून त्यांनी हसू आवरलं. म्हणाले, "ऐक माझं. इथून बस मिळते. बसून जाय. पुढच्या वर्षी पाहू."

पुढच्या वर्षी पाहू. मला ते ऐकून एवढा संताप आला, काकांचा नाही, माझाच. महिनाभर डल्ला मारला, वहिनीला खोटं बोलायला लावलं, अख्ख्या वस्तीची बोलणी खाल्ली, ते बसनं परत यायला? मी तिथंच मातीत बसकण मारली, पिशवीत कोपरापर्यंत हात घातला आणि ज्वारीखालून पुरचुंडी ओढून काढली. चहाच्या टपरीवरून काकांनी बाटली भरून आणली. उजव्या हातावर शिक्का, तो ओला करायचा नव्हता. म्हणून मी डाव्या हातानं सातू घोळला आणि डाव्याच हातानं प्यायले. घरी असते तर आईनं हातावर फटका दिला असता.

चार घोट. थांबले. पोटानं परत पाठवले नाहीत. आणखी चार घोट. मग उठले, पिशवी चढवली, उजवी मूठ सैल धरून हवेत ठेवली आणि चालायला लागले. काका मागून म्हणाले, "डाव्या बाजूनं चाल वं, ट्रक येतात."

दगड आला, चार घोट. पुढचा दगड आला, चार घोट. मधल्या वेळात मी दुसरा कुठलाच विचार केला नाही, हिमालयाचाही नाही. पुढचा दगड, एवढंच. कामठीत एका हातपंपावर बाटली पुन्हा भरली, उरलेला सातू घातला. आणि तिथून अंगात काहीतरी बदललं. पाय आपोआप पडायला लागले, टाच न आपटता. ऊन डोक्यावर होतं, मार्चचं आमचं ऊन, पण मला भूक लागली होती, चांगली खणखणीत भूक. जिवंत असल्याचा एवढा आनंद मला त्याआधी कधी झाला नव्हता.

एक मुलगी झाडाखाली बूट काढून बसलेली दिसली. पुढे आणखी एक, पोटऱ्या चोळत. इंदोऱ्याच्या जरा आधी तिसरी दिसली, उंच, हॉकी खेळणारी. तिची पाठ मला पुढे दिसत होती आणि मला माहीत होतं, की डॉक्टरांची मुलगी तिच्याही पुढे आहे. म्हणजे ही पाठ ओलांडली तर हिमालय, नाही तर घर. मी शेवटचे चार घोट प्यायले आणि निघाले. तिनं वळून पाहिलं, तीही पळाल्यासारखी चालायला लागली. बराच वेळ आम्ही दोघी खांद्याला खांदा लावून चाललो. मग एका चौकात तिनं कंबरेवर हात ठेवला. मी ठेवला नाही.

फाटकात मॅडम घड्याळ घेऊन उभ्या होत्या. दोनला दहा मिनिटं कमी होती. डॉक्टरांची मुलगी पायरीवर पाय पसरून बसली होती. मी मूठ उघडली. घामानं कडा पसरल्या होत्या, पण शिक्का वाचता येत होता. "दुसरी," मॅडम म्हणाल्या. मी नळावर गेले आणि दोन्ही हात, तोंड, डोकं सगळं धुऊन काढलं. शिक्का वाहून गेला, त्याचं आता काम नव्हतं.

घरी येऊन मी ज्वारीची पिशवी आईसमोर ठेवली आणि सगळं कबूल केलं. लाडू, गोळ्या, कठडा, डावा हात, सातू. लपवायची ताकदच उरली नव्हती. आईनं आधी ज्वारी मापून पाहिली. मग वहिनीकडे वळून म्हणाली, "अन् तू? तूही खोटं बोलली." वहिनी खाली बघून हसत होती. दुसऱ्या दिवशी आईनं पुन्हा खारका फोडायला घेतल्या. या वेळी डबे दोन होते. वहिनीचा डबा तिनं स्वतःच्या उशाशी ठेवला आणि महिनाभर रोज दोन लाडू समोर बसून वहिनीला खाऊ घातले.

हिमालयाचं मी इथं सांगत बसणार नाही, ते सांगायला घेतलं की मी थांबत नाही. फक्त एवढंच, की बर्फ पाहिला. हातात घेतला, खाल्ला, त्याला कसलीच चव नव्हती आणि मी तासभर खुळ्यासारखी हसत होते. परत आल्यावर वहिनीला रोज थोडं थोडं सांगायचे. एक दिवस सांगितलं, की तिथल्या बायका पाठीवर लाकडाचे भारे घेऊन चढ चढतात, आम्ही धापा टाकत असताना बाजूनं निघून जातात, कंबरेला पिठाची पुरचुंडी.

वहिनी बाळाचे केस विंचरत होती. म्हणाली, "अन् त्याहिची परीक्षा कोणी घेते?"



पुढल्या फेब्रुवारीत मॅडमनी पुन्हा नोटीस लावली. मी मॅडमकडे जाऊन म्हणाले, माझी वहिनीही चालणार आहे. कॉलेजातली नाही, सहलीला जाणार नाही, पण तिची वेळ धरा आणि तिला शिक्का मारा. मॅडम म्हणाल्या, नियमात बसत नाही. मग माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "पाचला आण तिला."

वहिनी साडीचा काचा मारून आली. पिशवी पाठीवर घ्यायला तिनं साफ नकार दिला. डोक्यावर चुंबळ आणि चुंबळीवर टोपली, आठ किलो संत्र्यांची, मॅडमनी स्वतः तोलून पाहिली. पोरी बुटांत, ती चपलांत. निघताना तिनं मागे वळून बाळाकडेसुद्धा पाहिलं नाही. मी बाळाला कडेवर घेऊन फाटकाशी बसले आणि माझं काळीज माझ्या परीक्षेच्या दिवशी उडालं नव्हतं तेवढं उडत होतं.

साडेबारालाच रस्त्याच्या टोकाशी टोपली दिसली. माणसांच्या डोक्यांवरून एका रेषेत पुढे सरकणारी, जरासुद्धा न हलणारी टोपली. बाकी एकाही मुलीचा पत्ता नव्हता. मी रस्त्यावरच ओरडायला लागले, बाळ घाबरून रडायला लागलं. वहिनीनं टोपली उतरवली, पदरानं तोंड पुसलं आणि मॅडमसमोर उजवा तळहात धरला. जांभळा शिक्का, कडासुद्धा पसरलेली नाही. टोपली थोडी कमी भरली, कारण दोन संत्री तिनं शिपाईकाकांना दिली होती. मॅडमनी वजन पाहिलं आणि वहीत सगळ्यात वर तिची वेळ लिहिली.

संध्याकाळी आम्ही जेवायला बसलो. वहिनी डाव्या हातानं भाकर मोडायला लागली, एका हातानं ती मोडेना. आईनं विचारलं, "डाव्या हातानं काहून जेवून राहिली वं?"

 वहिनीनं उजवी मूठ मांडीवर मिटून ठेवली होती.

आईनं त्या मुठीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मग तिनं वहिनीचं ताट आपल्याकडे ओढलं, भाकर वरणात बारीक कुस्करली आणि ताट परत तिच्यापुढे सरकवलं.

"खाय," आई म्हणाली. "डाव्यानंच खाय."